छपरातली नरम जागा

इन्स्पेक्टर शिडीची पहिली पायरी चढला आणि शिडी कुरकुरली. माणूस चांगला जाडजूड होता, आणि आमच्या ट्रेलरच्या छपरात मागच्या बाजूला एक जागा अशी होती, की तिथे मांजराला उभं करायलाही मी धजले नसते. हे मला माहीत होतं, आमच्या ह्यांना माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणाला कळता कामा नये असं ह्यांनी मला सकाळीच बजावलं होतं.

आम्ही ट्रेलरमध्ये राहतो. गाडीला मागून जोडून ओढत नेतात, तसलं चाकांवरचं घर. दारातून आत आलं की समोर ओटा, एका टोकाला जेवायचं टेबल, दुसऱ्या टोकाला सासूबाईंचा पलंग आणि पलंगाला चिकटून कपड्यांचं कपाट. रात्री टेबलाची फळी खाली केली की आमची झोपायची सोय होते. सासूबाई या घराला डबा म्हणतात. उठता बसता डब्याला नावं ठेवतात, आणि तरी डबा सोडायचं नाव काढत नाहीत. कारण दाराच्या दोन पायऱ्या उतरल्या की त्या जमिनीवर असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तेवढंच झेपतं. काठी टेकत समोरच्या झाडापर्यंत जायचं, तिथल्या बाकावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खबरी काढायच्या आणि परत येऊन मीठमसाला लावून मला सांगायच्या, असा त्यांचा दिवस.

नणंदेचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. "तिच्याकडे गेले की वर गेलेली मी परत खाली येणार ती चौघांच्या खांद्यावरूनच," असं त्या एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या होत्या. रडल्याबिडल्या नाहीत. भाजीतली एक किडकी शेंग बाजूला टाकली आणि पुढची घेतली.

आता तळाचा नियम सांगते. तळ म्हणजे हे सगळे ट्रेलर जिथे ओळीने उभे असतात ती जागा. मागे एकाचं छप्पर झोपेत त्याच्या अंगावर आलं, तेव्हापासून पावसाळा सुरू व्हायच्या आत प्रत्येक जुन्या ट्रेलरचं छप्पर तपासलं जातं. पास झालं तर ठीक. नाही झालं तर दारावर लाल कागद चिकटतो आणि ट्रेलर तळाबाहेर. लाल कागद लागलेला ट्रेलर दुसऱ्या कुठल्या तळावरही घेत नाहीत. म्हणजे मग आम्ही दोघं शिडीने चढून ह्यांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर, आणि सासूबाई चौथ्या मजल्यावर. यात तिसरा मार्ग नव्हता. आम्ही शोधून पाहिला होता.

आणि हे सगळं कशामुळे, तर ह्यांच्या हुशारीमुळे.

हे गाड्या रंगवतात, तळाला लागूनच ह्यांचं वर्कशॉप आहे. हात सोन्यासारखा आहे, त्याबद्दल मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. पण पत्र्यावर हात बसलेल्या माणसाला सगळं जग पत्र्याचंच दिसतं. आमच्या छपरावर पांढऱ्या रबराची चादर आहे, पातळ प्लायवूडवर चिकटवलेली. गेल्या वर्षी तिच्यावर झाडाचा डिंक पडून काळे डाग पडले. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढ्यावर काम भागतं. कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. ह्यांनी वर्कशॉपमधून थिनर आणला आणि छप्पर लख्ख पुसून काढलं. डाग गेले. दोन दिवसांनी रबराला तळहाताएवढाले फोड आले. रबराने थिनर पिऊन घेतला होता. मग ह्यांनी फोड कापले, वर पट्टी चिकटवली, पण थिनर प्यालेल्या रबरावर पट्टी धरेना. तिची कड उचलली गेली आणि सगळा पावसाळा तिच्याखालून पाणी झिरपत राहिलं. लक्षात आलं तोवर खालच्या प्लायवूडमध्ये अंगठा रुतत होता.

मी म्हटलं, उघडा ते सगळं. रबर कापा, कुजलेलं लाकूड काढा, नवं घाला. हे म्हणाले, करू. हा 'करू' महिनोन् महिने चालला. वर्कशॉपला काम होतं, मग पाठ धरली, मग पाहुणे. आणि मग तपासणीची नोटीस आली.

तेव्हा कुठे हे हलले. पण उघडायला आता वेळ नव्हता, म्हणून झाकलं. अख्ख्या छपराला, आतून बाहेरून, पांढऱ्या रंगाचा असा हात मारला, की जागा माहीत असूनही मला ती शोधावी लागली. आतून कपाटात, लोंबत्या कोटांच्या मागे, कपाटाच्या बुडापासून छतापर्यंत एक जाड लाकूड ठोकून बसवलं, टेकू म्हणून. टेकूने कपाटावरचं छत सावरलं. पलंगावरचं छत मात्र अधांतरीच राहिलं, कारण पलंगाच्या मधोमध टेकू ठोकला तर तो आंधळ्यालाही दिसेल.

आज सकाळी ह्यांनी शेवटची सारवासारव केली. सासूबाईंना पलंगावर बसवलं, कपाटाच्या दाराला पाठ टेकवून, पाठीमागे उशी देऊन.

"आई, तो माणूस जाईपर्यंत तू इथून उठायचं नाहीस."

"का रे?"

"तुझ्या गुडघ्याला आराम म्हणून. मी ऊठ म्हणेन तेव्हा ऊठ."

सासूबाई खूश झाल्या. लेकाने आपल्या गुडघ्याची आठवण ठेवली, एवढं त्यांना पुष्कळ होतं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या बाईला कोण म्हणणार, जरा बाजूला व्हा, मला कपाट बघायचंय? मी ह्यांच्याकडे रोखून पाहिलं. ह्यांनी नजर चुकवली. मी ठरवलं, इन्स्पेक्टर मागच्या बाजूला यायच्या आत सासूबाईंना उठवून टेबलाशी बसवायचं, मग कपाटाचं काय व्हायचं ते होऊ दे. तोवर मूग गिळून गप्प बसले.

इन्स्पेक्टरने गुडघ्यांना जाड गाद्या बांधल्या, ट्रेलरला एक फेरी मारली आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, तुम्ही आत थांबायचं."

"मी?" मी म्हटलं.

"मी थांबतो की," हे म्हणाले.

"मालकाला मी आत ठेवत नाही," तो हसून म्हणाला. "मालकाचा हात सगळीकडे ठीकच म्हणतो."

मग त्याने मला रीत समजावली. तो वरून ठोकेल. जिथे ठोकेल तिथे मी आतून छताला तळहात लावायचा. मग तो वरून दाबेल. छत जागचं हललं नाही तर मी म्हणायचं, ठीक. जरासं जरी खाली आलं तर म्हणायचं, नरम.

"तुम्ही ठीक म्हणालात की मी तिथे गुडघा टेकणार," तो म्हणाला. "बघताय ना केवढं वजन आहे ते. सगळं तुमच्या शब्दावर."

बाहेर वारा सुटला होता आणि आतला आवाज वर पोचेना. तेव्हा हे शिडीवर, दाराशेजारी उभे राहिले. मी बोलायचं, ह्यांनी ऐकून वर सांगायचं.

"आत आणखी कोणी आहे का?" त्याने वरून विचारलं.

"आई आहे. गुडघा अधू आहे तिचा. बसलीय एका कडेला."

"मी डोक्यावर आलो की खाली कोणी नको हं."

"नाही, नाही. उठेल ती," हे म्हणाले.

मी स्टुलावर चढले. टेबलाच्या वर ठक ठक झालं. मी हात लावला. वरून भार आला, छत दगडासारखं घट्ट राहिलं.

"ठीक," मी म्हटलं.

"ठीक म्हणते," ह्यांनी वर सांगितलं, आणि लगेच वर गुडघा टेकल्याचा आवाज आला. खरंच माझ्या शब्दावर तो पुढे सरकत होता.

ठक ठक. ठीक. ठीक म्हणते. गुडघा. स्टूल सरकवायचं, चढायचं, हात लावायचा. ओट्याच्या वर छतात हवेसाठी ठेवलेल्या खिडकीपाशी तो बराच वेळ थांबला. तिच्या कडेच्या फटी बुजवणाऱ्या सीलंटला भेगा पडल्यात, ते खरवडून नवं भरा, असं त्याने सांगितलं. "हो साहेब, आजच भरतो साहेब," हे म्हणाले. आवाजात इतकं लोणी मी आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

"काय गं, छताशी काय गप्पा मारतेस?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशी तर कधी इतकी गोड बोलत नाहीस."

दुसरी वेळ असती तर मी उत्तर दिलं असतं. आता मी स्टूल सोडून त्यांच्यापाशी गेले.

"आई, उठा. टेबलाशी चला."

"आत्ता? कशाला?"

"तो आता इकडे येईल. डोक्यावर माणूस असताना खाली बसू नये."

"लेक म्हणालाय मला, मी ऊठ म्हणेन तेव्हाच ऊठ."

"मी म्हणते ना."

"तुझं काय, तुला सदा घाई. गुडघा आत्ता कुठे मोकळा झालाय."

मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी दंड सोडवून घेतला. काठी पलंगाच्या पलीकडे पडली होती, ती उचलायला मी वाकले तोच वर ठक ठक झालं. नेमकं तिथे. सासूबाईंच्या डोक्याच्या थोडं पुढे.

"वहिनी?" असं काहीतरी वरून आलं, वाऱ्यात अर्धं विरलेलं.

स्टूल आणायला वेळ नव्हता. मी पलंगावरच उभी राहिले आणि हात लावला. छत गार होतं आणि ओलसर होतं. वरून त्याने दाबलं. नुसत्या पंजाने दाबलं होतं त्याने, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं ते माझ्या हातात खाली आलं. कपाटाच्या आत टेकू करकरला.

"नरम," मी म्हटलं.

वर काहीच गेलं नाही. उघड्या दारातून मला ह्यांचे शिडीच्या पायरीवरचे बूट तेवढे दिसत होते. बूट हलले नाहीत.

"नरम आहे," मी जोरात म्हटलं. "ऐकलंत का?"

"काय म्हणतात?" वरून आवाज आला.

बूट अजूनही तसेच. मला माहीत होतं हे काय बघत असतील. समोरचं झाड, त्याखालचा बाक. मी या माणसाला ओळखते. हा वाईट नाही. आईसाठी हा काहीही करेल, आणि तीच माझी भीती होती.

"ठीक म्हणते," हे म्हणाले.

मी कितीतरी वेळा ह्यांच्यावर चिडले असेन, भांडले असेन, पण ह्यांची भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटली. वर इन्स्पेक्टरने अंग सरसावलं, रबर घासल्याचा आवाज आला. मी खाली उतरून सासूबाईंना दोन्ही काखांत धरलं.

"आई, उठा. आत्ता उठा. वरचं सगळं कुजलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग त्या अगदी शांतपणे मागे टेकल्या.

"ठीक आहे म्हणतोय ना तो," त्या म्हणाल्या. "त्याला माहीत नसेल तर कोणाला?"

वर गुडघा टेकला. पुरता नाही, अर्धाच. छताला मधोमध पोट आलं आणि पांढऱ्या रंगाचा एक पोपडा सुटून सासूबाईंच्या केसांवर पडला. त्यांनी तो काढून पाहिला. तरी त्या उठल्या नाहीत, आणि माझ्याच्याने त्या उचलल्या जाईनात.

मग मी दाराकडे तोंड करून बोलले. ओरडले नाही.

"अहो, आई उठत नाहीयेत. खालीच बसल्यात. तुम्ही ठीक म्हणालात, म्हणून बसल्यात."

बूट एकदम वर गेले. शिडी ट्रेलरवर आपटली.

"साहेब, थांबा. गुडघा उचला. नरम आहे." हे ओरडले. "तिथे सगळं नरम आहे. पाय नका ठेवू. खाली माझी आई आहे."

मग इन्स्पेक्टर पालथा झाला असावा, कारण त्याच्या आडव्या अंगाचा घासत मागे सरकायचा आवाज यायला लागला. थोडं सरकायचा, थांबायचा, पुन्हा थोडं सरकायचा. छताचं पोट हळूहळू वर गेलं, पण सगळं नाही गेलं. मी सासूबाईंच्या डोक्यावर दोन्ही हात धरून उभी होते. छप्पर आलं असतं तर माझे हात काय कामाचे होते, पण धरले होते खरे.

तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. हे शिडीच्या पायथ्याशी उभे होते.

"वहिनी काय म्हणाल्या होत्या?" त्याने विचारलं.

"नरम."

"आधीच?"

"दोनदा म्हणाली."

मला वाटलं, आता हा ह्यांच्या कानाखाली वाजवेल. वाजवली असती तरी मी मध्ये पडले नसते. पण त्याने गुडघ्यांच्या गाद्या सोडल्या आणि पिशवीतून लाल कागद काढला.

"आधी आजींना बाहेर आणा," तो म्हणाला. "आणि आज आत कोणी झोपायचं नाही."

कागद त्याने दारावर लावला, चारी कोपरे नीट दाबून. मग माझ्याकडे न बघता त्याने मान हलवली आणि पुढच्या ट्रेलरकडे गेला. तिथे शिडी लावली नाही. नुसता तिथल्या पायरीवर बसून राहिला.

हे आत आले. आत येताना दारात वाकावं लागतं, ते वाकले ते पुरते सरळ झालेच नाहीत. सासूबाई तशाच बसलेल्या होत्या, पाठीला उशी, कपाटाला टेकून. हातात तो पोपडा.

"आई, ऊठ आता," हे म्हणाले.

"झालं त्याचं?"

"झालं. पास नाही झालं. इथून निघावं लागणार आपल्याला."

"म्हणजे मला तिकडे, वर."

ह्यांनी मान डोलावली.

"मला इथे बसवलंस तेव्हा वर काय आहे ते माहीत होतं तुला?"

"तुझ्यासाठीच केलं गं सगळं. तुला तिकडे जायला लागू नये म्हणून."

"ते नाही विचारलं मी. माहीत होतं का?"

"मी तुला वेळेवर उठवणार होतो."

"माहीत होतं का रे?"

"हो," हे म्हणाले.

सासूबाईंनी पोपडा पलंगाच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि मांडीवरची साडी सारखी केली. ह्यांनी हात पुढे केला. ऑपरेशन झाल्यापासून सकाळसंध्याकाळ त्या त्याच हाताला धरून उठत आल्या होत्या. मी घरात असले, अगदी शेजारी उभी असले, तरी त्या वर्कशॉपच्या दिशेला हाक मारायच्या. माझा हात निसरडा लागतो म्हणायच्या. मला त्याचा किती राग यायचा ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तू धर गं," त्या म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी ह्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मी पुढे झाले, त्यांना काखेत धरलं, आणि त्या माझ्यावर सगळा भार टाकून उभ्या राहिल्या. पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. मी मागे वळून पाहिलं तेव्हा हे पलंगापाशीच उभे होते, आणि त्यांचा हात अजून तसाच पुढे होता.